ओलं लाकूड, अडकलेलं बिल: साग चिरण्यापासून रंध्यापर्यंतचा पूर्ण हिशोब



या वेळचा व्हिडिओ दार-चौकट आणि फर्निचर करणाऱ्या मिस्तरींसाठी होता. व्हिडिओत आकडे पटकन निघून जातात. वही-पेन घेऊन बसलेल्यांनीसुद्धा "भाऊ, हे सगळं लिहून द्या" असं सांगितलं. म्हणून हा लेख. शांतपणे वाचा आणि शेवटी दिलेलं काम या आठवड्यात नक्की करा.

आधी प्रश्न नीट मांडू. आपल्या नंदुरबार जिल्ह्यात दिवाळीनंतर बांधकामं जोरात सुरू होतात आणि आखाजीच्या आत वास्तुशांत उरकायची घाई असते. मिस्तरी सागाची दारं करून देतो, पॉलिश करतो, घरमालक खूश होतो. मग होळी होते, ऊन तापतं आणि फोन येतो: "मिस्तरी, दाराच्या पॅनलमधून पलीकडचा उजेड दिसायला लागला. येऊन बघून जा, मग राहिलेल्या पैशांचं बोलू."

आता हे राहिलेले पैसे म्हणजे किती? समजा ४० हजारांचं काम आणि ६ हजार बाकी. हिशोब केला तर लक्षात येतं की लाकूड, मजुरी, पॉलिश, बिजागऱ्या यांचे पैसे आधीच वाटले गेलेत. हे ६ हजार म्हणजेच तुमचा नफा. लाकडातून पाणी गेलं आणि जाताना नफाही घेऊन गेलं!

नुकसान एवढ्यावर थांबत नाही. त्याच गल्लीतलं पुढचं घर ठरवतं की नको ते लाकूड, रेडिमेड दार आणू. एक फट दिसली की चार ऑर्डरी जातात.

त्यामुळे आजचा मुद्दा एकच आहे. लाकूड वाळवणं म्हणजे वाट बघत बसणं नव्हे. चिराई आणि रंधकाम जसं काम आहे, तसं वाळवण हेही काम आहे. त्याला जागा लागते, पैसा लागतो, मोजमाप लागतं, आणि म्हणूनच ते तुमच्या रेटमध्ये दिसलं पाहिजे.

सागाला दोष देऊ नका

"आजकालचा सागच तसा येतो" हे वाक्य मी दुकानात रोज ऐकतो. त्यात थोडं खरं आहे. कमी वयाच्या झाडात सालीलगतचा पांढरा भाग जास्त असतो आणि तो किडीला लवकर बळी पडतो. पण आतलं पक्कं लाकूड आजही जगातल्या सर्वांत शांत लाकडांपैकी एक आहे. वाळताना ते कमी आकसतं, कमी वाकतं.

एक उदाहरण सांगतो. १८१७ साली मुंबईच्या गोदीत वाडियांनी 'ट्रिंकोमाली' नावाचं लढाऊ जहाज सागात बांधलं. ते आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर उभं आहे. दोनशे वर्षांपेक्षा जास्त झाली! आपल्या शेजारच्या डांगमधला साग इंग्रजांना इतका हवा होता की १८४० च्या दशकात त्यांनी तिथल्या भिल्ल राजांकडून जंगलाचे भाडेपट्टे लिहून घेतले.

जुन्या काळचे लोक वाळवणीला किती महत्त्व द्यायचे तेही बघा. ब्रह्मदेशात साग तोडण्याआधी बुंध्याभोवती खोल खाच पाडून झाड उभ्या-उभ्याच दोन-तीन वर्षं वाळू द्यायचे. ओला साग पाण्यावर नीट तरंगत नाही आणि ओंडके नदीतूनच न्यायचे असायचे, म्हणून ही पद्धत. मुद्दा असा की साग तोच आहे, आपण त्याला वेळ देणं बंद केलं.

लाकडात पाणी किती असतं?

लाकडाचा ओलावा टक्क्यांत सांगतात. सूत्र सोपं आहे. ओलं वजन वजा पूर्ण कोरडं वजन, भागिले कोरडं वजन, गुणिले १००. तुकडा ओला असताना २६० ग्रॅम आणि पूर्ण वाळल्यावर २०० ग्रॅम भरला, तर ओलावा ३० टक्के.

हे पाणी दोन ठिकाणी असतं. एक, लाकडाच्या बारीक नळ्यांच्या पोकळीत. हे आधी निघून जातं आणि ते जाताना लाकूड आकसत नाही, फक्त हलकं होतं. दुसरं, नळ्यांच्या भिंतीत मुरलेलं. साधारण २५ ते ३० टक्क्यांच्या खाली आलं की हे पाणी निघायला लागतं आणि तिथून लाकूड आकसायला सुरुवात होते.

इथेच मिस्तरी फसतो. ओंडका दोन-तीन महिने वखारीत पडलेला असतो. फळी हाताला कोरडी लागते, वजनाला हलकी लागते. पण आतला ओलावा २५ टक्के असू शकतो, म्हणजे आकसण्याचा सगळा खेळ अजून बाकी आहे.

पाण्याचा अंदाज हवा असेल तर हा घ्या. ६० टक्के ओलावा असलेल्या १०० घनफूट सागाला १२ टक्क्यांवर आणायचं, तर त्यातून साडेसातशे लिटरच्या आसपास पाणी बाहेर जातं. हे पाणी तुम्ही तुमच्या शेडमध्ये घालवायचं की कस्टमरच्या घरी, एवढाच निर्णय आहे.

आपल्या हवेचा स्वभाव

लाकूड हवेशी देवाणघेवाण करत राहतं. हवेत आर्द्रता ३० टक्के असेल तर लाकूड हळूहळू ६ टक्क्यांच्या आसपास येऊन थांबतं. ६५ टक्के असेल तर १२ वर, ८० टक्के असेल तर १६ वर.

आता आपला जिल्हा बघा. एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर आणि दुपारची हवा एकदम कोरडी. जुलै-ऑगस्टमध्ये नवापूर, अक्कलकुवा, धडगावकडे कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. म्हणजे आपल्याकडचं लाकूड वर्षभरात फुगतं आणि आकसतं, कितीही चांगलं वाळवलं तरी. म्हणून आपलं टार्गेट मधलं ठेवायचं. घरातल्या दारांसाठी आणि फर्निचरसाठी १० ते १२ टक्के. लाकडाच्या ओलाव्यासाठी भारतीय मानक आहे, आयएस २८७. त्यातसुद्धा हवेतल्या आर्द्रतेप्रमाणे देशाचे चार विभाग केलेत, कारण कोकणातला आकडा आणि खान्देशातला आकडा एक असू शकत नाही.

साग वार्षिक वलयांच्या दिशेने, म्हणजे साध्या उभ्या चिरलेल्या फळीच्या रुंदीत, ओलाव्याच्या दर १ टक्क्याला ढोबळमानाने ०.२ टक्का आकसतो. १२ इंच रुंद पॅनल २५ टक्क्यांवर बसवलं आणि उन्हाळ्यात ते ८ टक्क्यांवर आलं, तर १७ गुणिले ०.२ म्हणजे ३.४ टक्के. १२ इंचावर हे जवळजवळ १० मिलिमीटर होतात. ही तीच फट, ज्यातून उजेड दिसतो.

पहिली पायरी: माल घेताना कागद आधी

स्वस्त मालाचा मोह आपल्या भागात मोठा आहे, म्हणून स्पष्ट बोलतो. साग घेताना तीन गोष्टी बघा: खरेदीची पावती, वाहतूक पास आणि ओंडक्यावरचा हातोड्याचा शिक्का. वनविभागाच्या डेपोतला लिलाव असो किंवा परवानाधारक वखार, कागद घेतल्याशिवाय गाडी भरू नका.

शेतकऱ्याच्या बांधावरचा साग घेणार असाल तरी परवानगी लागते. महाराष्ट्र वृक्षतोड नियमन कायदा १९६४ चा आहे आणि साग त्यात येतो. झाडाचा मालक आदिवासी खातेदार असेल, आणि आपल्याकडे बहुतेक वेळा असतोच, तर त्याच्या झाडांच्या विक्रीसाठी १९६९ चा वेगळा कायदा आहे. "आप्पा, झाड तुमचंच आहे ना, मग कशाला कागद?" असं म्हणून व्यवहार करू नका. त्यात तुम्हीही अडकता आणि तो शेतकरीही. आधी वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन प्रक्रिया विचारा.

सॉ मिललाही वनविभागाचा परवाना लागतो. १९९६ च्या गोदावर्मन प्रकरणातल्या आदेशांपासून सुप्रीम कोर्टाची या धंद्यावर कडक नजर आहे. त्यामुळे "छोटी आरा मशीन मागच्या खोलीत टाकू" हा विचार सोडा. चिराई परवानाधारक मिलमध्ये करून घ्या आणि तिची पावती जपून ठेवा.

दुसरी पायरी: गोल मालाचं माप समजून घ्या

वखारीत गोल माल पाव-घेराच्या हिशोबाने मोजतात. मधला घेर घ्या, ४ ने भागा, आलेल्या आकड्याचा वर्ग करा आणि लांबीने गुणा. घेर ४ फूट आणि लांबी १० फूट असेल, तर १ गुणिले १ गुणिले १०, म्हणजे १० घनफूट.

खऱ्या गोलाच्या सूत्राने याच ओंडक्याचं माप १२.७ घनफूट येतं. म्हणजे पाव-घेराचं माप खऱ्याच्या ७८ टक्क्यांच्या आसपास असतं. हा फरक चिराईत जाणाऱ्या कडांसाठी सोडलेला आहे. पण त्याचा अर्थ १० घनफूट फळ्या हातात येतील असा नाही. ओंडका वाकडा असेल, मध्ये पोकळ असेल किंवा टोकाला फाटलेला असेल, तर हिशोब पार बदलतो.

चिरलेल्या मालाचं माप वेगळं. रुंदी इंचात, जाडी इंचात, लांबी फुटात, तिन्हींचा गुणाकार करून १४४ ने भागा. ५ बाय ३ ची चौकट, दोन उभे ७ फुटांचे आणि वरचा आडवा साडेतीन फुटांचा, म्हणजे एकूण साडेसतरा फूट. ५ गुणिले ३ गुणिले १७.५ भागिले १४४, उत्तर १.८२ घनफूट. हे गणित मोबाईलवर नाही, तोंडावर पाहिजे.

तिसरी पायरी: चिराई लवकर, टोकं त्याहून लवकर

ओंडका वर्षभर ठेवून मग चिरायचा, ही सवय मोडा. साल असलेला जाड ओंडका आतून वाळतच नाही. फक्त टोकं फाटतात आणि पांढऱ्या भागात किडा शिरतो. माल आला की शक्य तितक्या लवकर चिरून घ्या.

ओंडका हातात आला की पहिलं काम, दोन्ही टोकांना जाड ऑइलपेंट किंवा वितळलेलं मेण लावा. पाणी टोकातून सगळ्यांत वेगाने पळतं, म्हणून टोक आधी आकसतं आणि फाटतं. डब्यात उरलेला जुना पेंटसुद्धा चालतो. शंभर रुपयांच्या पेंटने प्रत्येक फळीचे चार-सहा इंच वाचतात.

मिलवर स्वतः उभे राहा. मिलवाल्याला काय सांगायचं ते आधी वहीत लिहून न्या:

- गाभ्याचा मधला दोरा फळीच्या मध्यात येऊ देऊ नका. तो असलेली फळी हमखास तडकते. तो भाग बाजूला काढून लहान कामांना वापरा.
- पॅनलच्या फळ्या शक्य असेल तिथे अशा चिरा की टोकाकडून बघितल्यावर वलयं फळीच्या जाडीत उभी दिसतील. अशी फळी रुंदीत जवळजवळ निम्मीच आकसते. यात माल थोडा जास्त जातो, म्हणून सगळा नाही, रुंद पॅनलपुरताच असा चिरा.
- जाडीत सूट ठेवा. तयार माल १ इंच हवा असेल तर सव्वा इंच चिरा. आकसणं, बाक आणि रंधा हे सगळं त्या पाव इंचातून जातं.
- एका थप्पीतल्या सगळ्या फळ्या एकाच जाडीच्या ठेवा. जाड-बारीक मिसळलं तर थप्पी नीट बसत नाही आणि माल वाकतो.

चौथी पायरी: थप्पी

भिंतीला फळ्या उभ्या टेकवून ठेवणं म्हणजे वाळवणं नाही. त्याने फक्त बाक येतो. नीट थप्पी अशी लावा:

जमिनीपासून किमान दीड फूट उंच, विटा किंवा सिमेंटच्या ठोकळ्यांवर. खाली गवत, भुसा, कचरा काही नको. वाळवीला ते आमंत्रणच असतं.

प्रत्येक थरामध्ये १ इंच जाडीच्या कोरड्या पट्ट्या आडव्या टाका. दोन पट्ट्यांमध्ये दीड ते दोन फूट अंतर. पट्ट्या सगळ्या एकाच जाडीच्या. आणि सर्वांत महत्त्वाचं, खालपासून वरपर्यंत पट्टीवर पट्टी एका सरळ रेषेत. पट्टी सरकली की त्या जागी फळीला पोट येतं. टोकांजवळ पट्टी असलीच पाहिजे.

एका थरातल्या दोन फळ्यांमध्ये बोटभर जागा सोडा. वर पत्र्याचं छप्पर, ऊन थेट लागायला नको. सगळ्यांत वर जड दगड किंवा ठोकळे ठेवा, नाहीतर वरच्या दोन थरांना पीळ पडतो.

आपल्याकडचा खास धोका म्हणजे एप्रिल-मेची झळ. गरम वारा थेट थप्पीत शिरला की फळी बाहेरून पटकन वाळते, आतून ओलीच राहते आणि पृष्ठभागावर बारीक भेगा पडतात. अशा वेळी वाऱ्याच्या बाजूला गोणपाट बांधा. पावसाळ्यात उलटं करा. गोणपाट काढा, हवा खेळू द्या, नाहीतर पांढऱ्या भागावर बुरशीचे निळे-काळे डाग येतात.

म्हणून आपल्या जिल्ह्याचं वेळापत्रक असं बसतं: पावसाळा संपल्यावर खरेदी आणि चिराई, दिवाळीच्या आसपास थप्पी, थंडीत हळूहळू वाळवण, होळीपर्यंत वजन तपासणी. हा माल आखाजीच्या घाईला आणि पुढच्या सीझनला वापरा. या वर्षीचं काम गेल्या सीझनच्या थप्पीतून करायचं, ही सवय लागली की अर्धी डोकेदुखी संपते.

ज्यांचं काम मोठं आहे त्यांनी सोलर किल्नचा विचार करावा. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेने असे सोलर किल्न विकसित केलेत. तत्त्व पॉलिहाऊसचंच. पारदर्शक आवरण, आत काळा पत्रा, हवा फिरवायला पंखे आणि दमट हवा बाहेर जायला झरोके. उघड्या थप्पीच्या तुलनेत साधारण अर्ध्या वेळेत माल तयार होतो. आपल्याकडे उन्हाची कमी नाही!

पाचवी पायरी: अंदाज नको, वजनकाटा हवा

"किती महिने ठेवायचं?" हा प्रश्न सगळे विचारतात. महिने मोजू नका, वजन मोजा. पद्धत अशी.

थप्पी लावताना एक सरासरी फळी नमुना म्हणून निवडा. तिच्या टोकापासून एक-दीड फूट आत एक इंचाचा आडवा काप काढा. या कापाचं वजन लगेच करा. मग ओव्हनमध्ये १०० अंशांच्या थोडं वर, वजन कमी व्हायचं थांबेपर्यंत वाळवा. त्यावरून ओलाव्याचा टक्का काढा.

समजा ओलावा ६० टक्के आला आणि कापल्यानंतर उरलेली नमुना फळी ८ किलोची आहे. ८ भागिले १.६ म्हणजे तिचं पूर्ण कोरडं वजन ५ किलो. आपल्याला १२ टक्के हवेत, म्हणजे ५ गुणिले १.१२, उत्तर ५.६ किलो. हा आकडा फळीवर खडूने लिहा, कापलेल्या टोकाला पेंट लावा आणि फळी थप्पीच्या मध्ये अशा जागी ठेवा की सहज ओढून काढता येईल.

दर पंधरा दिवसांनी वजन करा आणि तारखेसकट वहीत लिहा. काटा ५.६ वर आला की माल तयार. एवढंच आहे. यात नशिबाचा, अंदाजाचा काही संबंध नाही.

दोन पिनांचा मॉइश्चर मीटरही घ्या. तपासताना फळीच्या वरच्या बाजूला किंवा टोकाला पिना टोचू नका, तिथे आकडा नेहमी छान दिसतो. फळी मधून कापा आणि ताज्या कापाच्या मध्यभागी बघा. आत आणि बाहेर आकड्यात मोठा फरक असेल तर फळी अजून तयार नाही.

जाड माल, जुना माल, किडका माल

जाडी तिप्पट झाली की वाळायचा वेळ तिप्पट होत नाही, पाच ते नऊ पट होतो. म्हणजे ३ इंच जाड चौकट दोन-चार महिन्यांत वाळत नाही. ज्याच्याकडे चौकटीसाठी वर्षभर जुना माल नाही त्याने कस्टमरला तसं सांगावं, आणि निदान पॅनलच्या फळ्या तरी पूर्ण वाळलेल्या वापराव्यात. चौकट रुंदीला कमी असते, तिचं आकसणं पॅनलइतकं डोळ्यांत भरत नाही.

जुन्या घरांच्या तुळया आणि खांब हा आपल्या भागातला चांगला पर्याय आहे. तो माल कित्येक वर्षं वाळलेला असतो. पण चिरण्याआधी लोहचुंबक फिरवून प्रत्येक खिळा काढा. एक लपलेला खिळा मिलचं पातं मोडतो आणि मिलवाला पुढच्या वेळी तुम्हाला दारात उभं करत नाही. जुन्या मालाचीही पावती घ्या.

पांढऱ्या भागातून पिठासारखी भुकटी पडत असेल तर आत किडा आहे. सावलीत वाळवल्याने किडा मरत नाही, उष्णतेने मरतो. एक्स्पोर्टच्या लाकडी पॅकिंगसाठीचा आंतरराष्ट्रीय नियमच आहे की लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश उष्णता सलग ३० मिनिटं पोहोचली पाहिजे. आपण सोपं करू. पांढरा भाग दिसण्याच्या कामात वापरायचाच नाही.

सहावी पायरी: रंधकाम घाईत नको

वाळलेली फळी शेडमधून आणली की लगेच मशीनवर टाकू नका. ज्या खोलीत काम करणार तिथे आठवडाभर पट्ट्या घालून ठेवा. मग तुकडे थोडे वाढवून कापा आणि पहिला हात रंधा मारा, पूर्ण जाडीला आणू नका. दोन-तीन दिवस थांबा. आतला ताण मोकळा होऊन फळी वाकायची असेल तेवढी वाकू द्या. त्यानंतर क्रम असा: एक बाजू सपाट, एक कड गुण्यात, मग थिकनेसरवर दुसरी बाजू, शेवटी रुंदीचा काप. दोन्ही बाजूंनी सारखा माल काढा. सगळा माल एकाच बाजूने काढला की फळी वाकते.

आणि पॅनल फ्रेमच्या खाचेत कधीही चिकटवू नका, खिळे मारून जखडू नका. ते मोकळं राहिलं पाहिजे. वर आपण बघितलं, चांगलं वाळलेलं पॅनलसुद्धा पावसाळ्यातल्या १६ टक्क्यांवरून उन्हाळ्यातल्या ८ टक्क्यांवर आलं तर १२ इंचांत जवळजवळ ५ मिलिमीटर हलतं. खाच खोल ठेवली तर ही हालचाल आतल्या आत होते आणि बाहेर काही दिसत नाही. पॉलिशचा पहिला हात पॅनल बसवण्याआधी कडांपर्यंत मारा, म्हणजे आकसल्यावर पांढरी रेघ उघडी पडत नाही.

आता खरा हिशोब: तुमचा रेट

हे आकडे फक्त गणितासाठी धरलेत, तुमच्या वखारीचा रेट टाकून तुम्ही पुन्हा करा.

गोल माल १० घनफूट, २,००० रुपये दराने २०,००० रुपये. गाडीभाडं आणि चिराई २,५०० रुपये. एकूण २२,५०० रुपये.

चिरल्यावर चांगल्या फळ्या मिळाल्या ६.५ घनफूट. म्हणजे घनफुटाला ३,४६० रुपये झालेच.

वाळताना १० टक्के माल गेला, टोकं आणि वाकलेल्या फळ्या. उरला ५.८५ घनफूट. पैसा ६ महिने अडकला, वर्षाला १२ टक्के व्याज धरा, १,३५० रुपये. आता एकूण २३,८५० भागिले ५.८५, म्हणजे ४,०७७ रुपये.

रंधकाम आणि कटिंगमध्ये अजून १५ टक्के गेला. उरला ४.९७ घनफूट. दर झाला जवळजवळ ४,८०० रुपये.

बघा, २,००० रुपयांचा साग दारात बसेपर्यंत ४,८०० रुपयांचा होतो. आणि यात तुमची मजुरी, शेडचं भाडं, लाइटबिल, नफा काहीच धरलेलं नाही. जो मिस्तरी ३,५०० रुपये धरून कोटेशन देतो तो प्रत्येक घनफुटामागे खिशातून पैसे घालतो. मग ओलं लाकूड वापरून तो तोटा भरून काढायचा प्रयत्न करतो, आणि होळीनंतर फोन येतो.

या हिशोबात वाळवणीचा वाटा किती? ४,०७७ वजा ३,४६०, म्हणजे घनफुटाला ६१७ रुपये. एका साध्या दारात दीड-दोन घनफूट माल जातो असं धरलं, तर हजार-बाराशे रुपयांचा प्रश्न आहे. अडकलेले ६ हजार आणि गेलेल्या ऑर्डरी यांच्यासमोर हा आकडा ठेवून बघा.

कस्टमरला हे सांगायचं कसं?

कस्टमर "वाळवलेलं लाकूड" हे शब्द ऐकून पैसे देत नाही, कारण ते सगळेच म्हणतात. त्याला दाखवा. कोटेशनमध्ये एक ओळ लिहा: "पॅनलच्या लाकडाचा ओलावा १२ टक्क्यांपर्यंत, डिलिव्हरीच्या वेळी मीटरवर दाखवला जाईल." आणि खरंच दाखवा. त्याच्यासमोर पिना टोचा, आकड्याचा फोटो काढा, बिलासोबत पाठवा.

संवाद असा होतो. घरमालक म्हणतात, "भाऊ, पलीकडचा मिस्तरी तीन हजार कमी सांगतोय." तुम्ही शांतपणे म्हणा, "काका, त्याच्याकडूनच करा, हरकत नाही. फक्त त्याला विचारा की लाकडाचा ओलावा किती आहे आणि मोजून दाखवशील का." पुढे काही बोलायची गरज नसते.

यासोबत एक खरं वाक्यही लिहा: "ऋतूनुसार लाकडात थोडी हालचाल होते, तो दोष नाही." आधी सांगितलं तर ती माहिती असते, फट पडल्यावर सांगितलं तर ती सबब वाटते.

या आठवड्याचं काम

१. शेडमधल्या प्रत्येक थप्पीवर चिराईची तारीख लिहा. तारीख माहीत नसेल तर त्यातली एक फळी मधून कापून मीटर लावा.
२. एक नमुना फळी तयार करून तिच्यावर टार्गेट वजन खडूने लिहा.
३. उरलेल्या पेंटचा डबा शोधा आणि उघडी टोकं रंगवा.
४. शेवटच्या तीन कामांचं कॉस्टिंग वरच्या पद्धतीने पुन्हा करा. किती घनफुटावर तुम्ही खिशातून पैसे घातले ते लिहा.
५. कोटेशनच्या नमुन्यात ओलाव्याची ओळ टाका.

चौथ्या मुद्द्याचं उत्तर आलं की कमेंटमध्ये फक्त आकडा लिहा, नाव-गाव नको. पुढच्या व्हिडिओत गोल मालाच्या लिलावाला जाताना बोली कुठे थांबवायची, ते याच आकड्यांवरून बघू. तोपर्यंत थप्पीला दगड ठेवायला विसरू नका!